आईला स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन सांगितलंय. बारामतीहून पुण्याला २५ दिवस ये-जा करावीच लागेल का?

बहुतेक नाही. पाच आठवड्यांत २५ फेऱ्या ही जुनी पद्धत. आता रोजचा डोस थोडा वाढवून तीन आठवड्यांत १५ फेऱ्या देणं सर्रास चालतं. ब्रिटनमधल्या चार हजारांहून अधिक रुग्णांच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत तर एका आठवड्यात पाचच फेऱ्या दिल्या होत्या. २०२० साली पाच वर्षांचे निष्कर्ष आले, ते तीन आठवड्यांच्या उपचाराच्या तोडीस तोड निघाले. हे सगळ्यांना लागू नाही: काखेतल्या गाठींनाही शेक (म्हणजे रेडिएशनच) द्यायचा असेल किंवा लगेच स्तनाची पुनर्रचना झाली असेल तर डॉक्टर वेगळं ठरवू शकतात. पण "कमी फेऱ्यांत होईल का?" हे तोंड उघडून विचारा. आपल्याकडे डॉक्टरांना विचारायला माणसं उगाच बिचकतात!

डाव्या बाजूचा आजार असेल तर श्वास रोखून शेक देण्याची सोय आहे का, हेही विचारा; छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं. प्रोटॉन थेरपीच्या (रेडिएशनचाच एक वेगळा प्रकार) मागे लागू नका. खारघरला टाटा हॉस्पिटलचं त्याचं केंद्र आहे, पण अशा केसमध्ये सहसा त्याची गरज पडत नाही.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन येतं. योजनेतल्या हॉस्पिटलात रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राला (तिथला योजनेचा मदतनीस) भेटा. मंजुरी उपचार सुरू होण्यापूर्वी लागते.