पट 63, धरला 58: आधी जन्मतारखा बघा

"पट कमी धरला, एक शिक्षक जादा ठरले, आता पट कसा वाढवायचा?" ही तुमची पोस्ट वाचताना आमच्याच शाळेचा कागद हातात आल्यासारखं वाटलं. पहिली ते पाचवीची जिल्हा परिषद शाळा, हजेरीवर 63 मुलं, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात, त्यात) धरली 58, आणि तिसरे गुरुजी अतिरिक्त, म्हणजे जादा. शिक्षण हक्क कायद्यात 60 पर्यंत दोन शिक्षक आणि 61 पासून तिसरा. म्हणजे अडलंय ते फक्त तीन मुलांवर. नव्या मुलांसाठी वस्त्या पालथ्या घालण्याआधी गळालेली पाच शोधा.

आधार जुळलं नाही की वर्गात रोज बसणारं मूलही मोजणीत येत नाही. नावाचा घोळ सोपा असतो: शाळेत आडनाव आधी, कार्डावर शेवटी. यू-डायसमध्ये (शाळांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन नोंद) आधारवरच्या नावाचा रकाना वेगळा आहे, तिथे कार्डावरची अक्षरं जशीच्या तशी भरा. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मूळ प्रवेश नोंदवहीत, परस्पर खाडाखोड मात्र नको.

खरी गोम जन्मतारखेत. (निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला का येतो, हे आपल्याला माहीतच आहे.) आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. आम्ही पालकांना नुसतं "दुरुस्त करून आणा" म्हणून पाठवलं, तीच चूक सगळ्यात महागात पडली. जन्मदाखल्यावर 07/11, ऑपरेटरनं टाकलं 11/07. पावतीवर ते ठळक छापलेलं होतं, वाचलं कुणीच नाही. एकुलती एक संधी गेली. पुढे एका कार्यालयात "हे आमच्याकडे नाही, वर जा", वर गेलं की "खालून शिफारस आणा". अर्जाची पोचसुद्धा देईनात! तोवर 30 सप्टेंबर, म्हणजे पट मोजायची तारीख, उलटला.

म्हणून पालकांबरोबर एक शिक्षक जाऊ द्या, मूळ जन्मदाखला घेऊन. अंगठा देण्याआधी स्क्रीनवरचा दिवस, महिना, वर्ष मोठ्यानं वाचायला लावा. पाच वर्षं पूर्ण झालेल्यांचं बायोमेट्रिक अपडेट राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत उरका. आणि कुठलाही अर्ज दोन प्रतींत, शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही.

बाहेरून आलेल्या मुलांचंही बघा. दाखला मिळाला तरी जुन्या शाळेनं यू-डायसच्या ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) टाकेपर्यंत मूल ऑनलाइन तिकडेच राहतं. कागदी दाखल्याला उशीर झाला म्हणून मात्र प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 तसं स्पष्ट सांगतं.

निकष अधूनमधून फिरतात, तेव्हा चालू वर्षाचं परिपत्रक बघूनच पाऊल टाका. "दोन-चार खोटी नावं चढवा" म्हणणारे भेटतील, त्यांना ऑक्टोबर 2011 ची पटपडताळणी (बोगस पट शोधायला राज्यभर झालेली मुलांची मोजणी) आठवून द्या.

राहिला पट वाढवण्याचा प्रश्न. हे माझं मत, पटलं तर घ्या: फ्लेक्स आणि रंगवलेल्या भिंती बघून खाजगी शाळेच्या गाडीत बसणारं मूल खाली उतरत नाही. पालकसभेत तिसरीच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा, पण पुस्तकाबाहेरचा उतारा वाचायला द्या. उतारा पालकांनाच निवडू द्या, नाहीतर पाठांतराची शंका येतेच.