डोकं खाजतं, औषध सोडू का?

"मॅडम, केसगळतीचं औषध लावलं की डोकं खाजतं. खाजवलं की केस हातात येतात. आता लावू की सोडू?"

गेल्या काही वर्षांत हे मी इतक्यांदा ऐकलंय, की पहिलं वाक्य झालं की पुढची दोन मला पाठ असतात. खरं तर हा प्रश्न माझ्याकडे यायचं कारण नाही. मी समुपदेशक, त्वचेची डॉक्टर नाही. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, लग्न जमत नाही म्हणून, ऑफिसात चित्त लागत नाही म्हणून. मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत कधीतरी टोपी निघते, ओढणी मागे सरकते आणि हे बाहेर पडतं. बाळंतपणानंतर केस गेलेल्या मुली असतात. डेंग्यूतून उठल्यावर दोन-तीन महिन्यांनी न्हाणीघराच्या जाळीवर पुंजका बघून हादरलेले असतात. आणि सगळ्यात जास्त असतात पंचविशी-तिशीतले मुलगे. पुण्यात त्यांचा पहिला आरोपी ठरलेला असतो, सोसायटीत येणारं टँकरचं पाणी.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, नाव देत नाही.

मुलगा २९ वर्षांचा, सोलापूरकडचा, हिंजवडीत नोकरी. मे महिन्यात डोक्यावर लोकरीसारखी जाड टोपी घालून आला. बहिणीनं पाठवलं होतं, कारण बघण्याचा कार्यक्रम ठरला की याचं पोट बिघडायचं. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे हटलेले, भोवऱ्यापाशी विरळ. डॉक्टरांनी केस यावेत म्हणून टाळूला लावायचं ५ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल दिलं होतं, दिवसातून दोनदा १ मिली. तिसऱ्या आठवड्यात खाज सुटली आणि केस आधीपेक्षा जास्त गळायला लागले. घाबरून त्यानं औषध बंद केलं. आठ दिवसांनी परत सुरू, परत बंद. पाच महिन्यांत चार वेळा.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही. ते म्हणतील, नीट लावत नाहीस."

मग त्यानं लॅपटॉप उघडून मला एक एक्सेल दाखवली. रोज किती केस गळले याचा हिशोब. उशीवरचे वेगळे, कंगव्यातले वेगळे, जाळीवरचे वेगळे. "परवा एकशे बारा," तो म्हणाला, एखाद्यानं घरातला ताप सांगावा तसा.

आता माझी चूक सांगते. ती एक्सेल बघितली आणि माझ्या मनात सगळं जुळून आलं. काळजी, मोजणी, खाज. म्हटलं, हे आपल्या हातातलं काम. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून जे सांगत आला, ते मराठीत एका अक्षरात मावतं असं मी नेहमी म्हणते, आणि त्याचा मला थोडा तोराही आहे. ते अक्षर म्हणजे 'च'. 'मला केस हवेत' यात त्रास आहे, पण माणूस जगू शकतो. 'मला केस हवेतच' म्हटलं की जगणं अडतं. दोन भेटी मी या 'च'वर खर्च केल्या. तो मान डोलवत होता, वहीत लिहून घेत होता, आणि डोकं खाजवत होता.

तिसऱ्या भेटीला तो गडद निळा शर्ट घालून आला. खांद्यावर कोंडा. पावडरीसारखा भुरभुरीत नव्हे, पिवळट, तेलकट कपचे. कानामागे लाल झालेलं. मी बोलता बोलता थांबले.

"तेल लावतोस का?"

"आई लावते. दीड महिना झाला, ती इकडेच आहे. म्हणते, खाजतंय म्हणजे डोकं कोरडं पडलंय. रोज रात्री चोळून देते."

"आणि औषध?"

"त्याच्यावरच. आणि रविवारी कांद्याचा रस."

मला मनातून लाजच वाटली. ज्याचं डोकं खरोखर पेटलं होतं त्याला मी दोन आठवडे व्याकरण शिकवत होते. त्या दिवशी 'च' बाजूला ठेवला आणि एवढंच म्हटलं, "डॉक्टरांकडे परत जा. बंद-सुरू, तेल, कांदा, सगळं सांग. रागावले तर रागावू देत."

ते रागावले नाहीत. वीस मिनिटं समजावून सांगितलं, आणि त्यानं मला येऊन समजावून सांगितलं. मिनॉक्सिडिल विरघळावं म्हणून द्रावणात प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं, ते बऱ्याच जणांच्या कातडीला सोसत नाही. अल्कोहोलही असतं, त्यानं टाळू कोरडी पडते. फोमच्या रूपात येणाऱ्या मिनॉक्सिडिलमध्ये सहसा प्रॉपिलीन ग्लायकॉल नसतं, म्हणून पुष्कळांची खाज नुसत्या या बदलानं थांबते. दुसरी भानगड तेलकट कोंड्याची. मॅलासेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्याच टाळूवर राहते, आणि तिचं पोट भरतं तेलावर. आईचा मायेचा हात रोज रात्री तिलाच जेवायला वाढत होता. डॉक्टरांनी किटोकोनॅझोलचा २ टक्क्यांचा शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, डोक्यावर पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा. लाली उतरेपर्यंत मिनॉक्सिडिल बंद, मग फोम.

आणि सुरुवातीला केस जास्त गळाले त्याचं काय? जे केस आधीच विश्रांतीला गेलेले असतात ते नव्यांना जागा करून देताना एकदम पडतात. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत हे चालतं. फरक पडतोय की नाही हे चार ते सहा महिन्यांशिवाय कळत नाही. म्हणजे आमच्या या बाबानं प्रत्येक वेळी नेमकं त्या गळतीच्या तोंडाशी औषध सोडलं होतं आणि चार वेळा तोच घाट चढला होता.

महिन्याभरानं आला तेव्हा खाज रुपयातली बारा आणे गेलेली. खांदे स्वच्छ. मी खूश, तो खूश. आणि बोलता बोलता त्याचा हात परत भोवऱ्याकडे गेला.

"आत्ता खाज आली?"

"नाही… तसं नाही."

"मग हात कशाला गेला?"

"सवय."

सवय हा शब्द मला कधीच पटत नाही. माणूस तो दार लावून घेण्यासाठी वापरतो. म्हटलं, "परत कर बरं, जसं करतोस तसंच. पण हळू."

तो ओशाळून हसला. मग मधलं बोट आणि अनामिका भोवऱ्यावर टेकवली, तीनदा गोल फिरवली, हात खाली आणला. आणि मी बघितलं. हात मांडीवर ठेवण्याआधी त्यानं तो ट्यूबलाइटकडे उलटा केला, बोटं किंचित पसरली आणि नखांकडे एक नजर टाकली. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच वेळ. पाच भेटींत त्यानं हे निदान पन्नासदा केलं असेल. मला दिसलं नव्हतं, कारण मी खाजवण्याकडे बघत होते.

"आत्ता काय केलंस?"

"खाजवलं."

"आणि त्यानंतर?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग त्यानं स्वतःच हात परत उलटा करून बघितला.

"बघितलं."

"काय?"

"आलेत का हातात." आणि थोड्या वेळानं, "मॅडम, मी खाजवत नाहीये. मी चेक करतोय."

अठ्ठावीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात, आणि ते आपण आणलेले नसतात हेही कबूल करते. आपण फक्त 'हळू कर' म्हणायचं. पण त्या वाक्यानं माझ्याही डोक्यातला एक गुंता सुटला. इतकी वर्षं मी 'खाज' हा एक शब्द ऐकत होते, आणि त्यात दोन गोष्टी होत्या. एक खाज टाळूवर असते. ती औषधानं येते, कोंड्यानं येते, औषधानं जातेही. दुसरी बोटांच्या टोकाशी असते. दात पडला की जीभ जशी दिवसभर त्या खळग्यात जाते तशी ती बोटं जातात, 'आहेत का?' विचारायला. हाताला काही लागलं नाही तर दोन मिनिटं बरं वाटतं. एक केस लागला तर छातीत धस्स होतं. दोन्ही उत्तरांनंतर बोट परत तिथेच जातं. पहिली खाज डॉक्टर घालवतात; दुसरी मागे राहिली की माणसाला वाटतं औषध अजून सोसत नाही, आणि तो ते सोडतो.

मनाचा हात यात केवढा असतो हे शाळेतल्या बाईंना विचारा. वर्गात एका पोरीच्या डोक्यात उवा सापडल्या की दुपारपर्यंत बाई स्वतःचं डोकं खाजवत असतात.

मग आम्ही एक्सेलकडे वळलो. मी फक्त एक काम दिलं. ज्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली ते दिवस पिवळे कर. तो माझ्यासमोरच करायला बसला. बुधवार आणि रविवार, बुधवार आणि रविवार. सगळे मोठे आकडे पिवळ्यात, तो एकशे बारासुद्धा. दिवसाला ५० ते १०० केस गळणं चारचौघांसारखंच. पण तीन-चार दिवस सुटलेले केस बाकीच्यांत अडकून राहतात आणि न्हाताना एकदम उतरतात. हा मुलगा कंपनीत आकड्यांवरच पोट भरतो. स्वतःचा तक्ता त्याला पाच महिने वाचता आला नव्हता. "च्यायला," तो म्हणाला, आणि लगेच "सॉरी मॅडम."

पुढचं काम कंटाळवाणं, म्हणून थोडक्यात. 'खाजवू नको' असं मी कुणालाच सांगत नाही, हात रिकामा राहिला की तो परत जातोच. हात वर निघाला की घड्याळाचा पट्टा मिनिटभर घट्ट धरायचा. खरी खाज आली तर ओला गार पंचा टाळूवर दाबून धरायचा, नखं कापलेली ठेवायची. रोजची मोजणी बंद; त्याऐवजी महिन्यातून एक फोटो, त्याच खिडकीत, त्याच वेळी. एक्सेल सोडायला तो तीन आठवडे तयार नव्हता. शेवटी त्यानं फाइल पुसली नाही, बहिणीला पाठवून दिली आणि पासवर्ड तिला लावायला सांगितला. मला चाललं.

सगळ्यात अवघड आई. "तिला कसं सांगू? तेल लावते तेवढा वेळच ती माझ्याशी बोलते." आपल्याकडे तेलाची वाटी नुसती तेलाची नसते. टाळू शांत होईपर्यंत डोक्याला तेल नको, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. मी विचारलं, "घरी काशाची वाटी आहे?" होती, गावाकडून आणलेली. आता रोज रात्री आई त्याच्या तळपायांना तेल लावून वाटीनं घासते, तळवे काळे होतात, गप्पा चालू राहतात.

ज्यांची माझी भेट व्हायची नाही त्यांच्यासाठी थोडं. औषध गुपचूप सोडू नका आणि गुपचूप रेटूही नका. ज्यांनी दिलं त्यांना खाजेचं सांगा. द्रावण बदलता येतं, प्रमाण बदलता येतं, औषधच बदलता येतं, पण त्यांना कळलं तर. खाजवून सोललेल्या टाळूवर मिनॉक्सिडिल लावू नये, ते अंगात जास्त भिनतं. टाळू कोरडी असताना लावावं. लिंबू, कांदा असल्या जागेवर म्हणजे जखमेवर मीठ. मेडिकलवाल्यानं काढून दिलेलं क्रीमही नको, त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. त्याच सुमारास केसांचा रंग किंवा काळी मेंदी सुरू केली होती का ते आठवा, त्यातल्या रसायनाचीही ॲलर्जी असते. आणि लाज न बाळगता एकदा फणीनं उवा बघून घ्या. टाळूतून पाणी येत असेल, खपल्या जाड असतील, एखादी गोल जागा एकदम रिकामी झाली असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. छातीत धडधड, चक्कर, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज आली तर औषध थांबवून तडक डॉक्टर. हे औषध मुळात रक्तदाबाची गोळी होतं, केस येणं हा तिचा दुष्परिणाम म्हणून सापडलं.

एवढं सगळं करूनही हात जात असेल, तर तीन दिवस कागदावर लिहा: किती वाजता गेला आणि तेव्हा काय चाललं होतं. आमच्याकडे रात्री अकराला गर्दी निघाली, आई स्थळांचे फोटो मोबाईलवर पाठवायची ती वेळ. बाइकवर, हेल्मेटच्या आत, चाळीस मिनिटांच्या ट्रॅफिकमध्ये एकदाही नाही.

'च'ची गोष्ट पुढे त्यानंच काढली, सहाव्या महिन्यात, बिनटोपीचा बघण्याचा कार्यक्रम उरकून आल्यावर. भोवरा थोडा भरलाय, कोपरे होते तसेच आहेत. ते स्थळ जमलं नाही, मुलीला बंगळूर सोडायचं नव्हतं. "केसांमुळे नाही," हे त्यानं मला दोनदा सांगितलं. म्हटलं, दुसऱ्यांदा कुणाला सांगतोयस? हसला.

परवा त्याचा फोन आला. "मॅडम, एक विचारायचं होतं. आई म्हणतेय तिचं पण डोकं बरेच दिवस खाजतंय. तो पाच मिनिटं ठेवायचा शाम्पू तिनं लावला तर चालेल का?"

म्हटलं, आईंना आधी डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि सांग, तेलाचं लपवू नका.