हात सुटले तरी नजर सुटू नये : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

स्टिअरिंगवरचे हात काढू देणाऱ्या चालक-साहाय्य प्रणालींविषयी गेल्या काही महिन्यांत वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या नव्या गाडीत हायवेवर हात सोडून बसता येते. माझे यजमान म्हणतात की रस्ता गाडीच पाहते, मग आपण मोबाइलवर ईमेल वाचली तर काय बिघडले? (ट्रॉय, मिशिगन)

उत्तर : बरेच काही बिघडू शकते, आणि ते त्यांना आजच सांगावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाहनांच्या स्वयंचलनाचे शून्य ते पाच असे स्तर मानले जातात. आपली गाडी दुसऱ्या स्तरातील आहे. या स्तरावर वेग आणि दिशा गाडी सांभाळते, परंतु रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे आणि क्षणात ताबा घेण्याचे काम चालकाचेच असते. हात काढता आले म्हणून स्तर बदलत नाही.

2017 मध्ये कॅडिलॅकच्या गाडीत हात सोडू देणारी सुपर क्रूझ ही प्रणाली आली, तेव्हापासून अशा गाड्यांत चालकाच्या चेहऱ्याकडे रोखलेला कॅमेरा असतो, तो याचसाठी. लॅन्सिंगच्या वाटेवर ही प्रणाली असलेली गाडी चालवताना मागच्या सीटवर रडणाऱ्या भाच्याकडे मी वळून पाहिले. स्टिअरिंगच्या कडेवरची स्थिर हिरवी पट्टी लगेच लुकलुकू लागली. तरीही दुर्लक्ष केले असते तर ती लाल झाली असती, आणि शेवटी गाडीने वेग कमी करून थांबण्याचा मार्ग पत्करला असता. ही सोय चांगली आहे, पण नजर समोर ठेवून विचारांत हरवलेल्या माणसाला कॅमेरा ओळखू शकत नाही, हे विसरू नये.

प्रश्न : टेक्सासमध्ये अशी गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीवर आदळली असे वाचले. एवढी मोठी वस्तू यंत्राला दिसली कशी नाही? (ह्यूस्टन)

उत्तर : आपण म्हणता तो अपघात फेब्रुवारी 2024 मध्ये सॅन अँटोनिओ येथे इंटरस्टेट 10 वर रात्रीच्या वेळी झाला. फोर्डची मस्टँग माख-ई ही गाडी ब्लूक्रूझ या हात सोडू देणाऱ्या प्रणालीवर ताशी 70 मैलांहून अधिक वेगाने जात होती आणि लेनमध्ये थांबलेल्या होंडावर आदळली. होंडाच्या चालकाचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात फिलाडेल्फियाजवळ थांबलेल्या गाड्यांना अशीच धडक बसून दोघांचा जीव गेला.

हा प्रश्न ‘दिसण्या’चा कमी आणि ‘विश्वास ठेवण्या’चा अधिक आहे. रडारला हलणारी वस्तू वेगळी काढणे सोपे जाते. स्थिर वस्तू मात्र रस्त्यावर असंख्य असतात. दिशादर्शक फलक, पुलाचे कठडे, रस्त्यातील लोखंडी झाकणे या सगळ्यांवरून लहरी परततात. त्या प्रत्येकीसाठी गाडीने करकचून ब्रेक लावला, तर मागून येणारे आपल्यावर आदळतील. म्हणून दूरच्या स्थिर वस्तूंकडे प्रणाली मुद्दाम काणाडोळा करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने सुमारे 1 लाख 29 हजार फोर्ड गाड्यांची चौकशी जानेवारी 2025 मध्ये पुढच्या टप्प्यावर नेली, तेव्हा नेमकी हीच बाब पुढे आली : ताशी 62 मैल किंवा त्याहून अधिक वेग असताना गाडीची वेगनियंत्रण प्रणाली स्थिर वस्तूंची सूचना मिळूनही प्रतिसाद देत नाही, अशीच तिची रचना आहे.

आता हिशोब पाहा. ताशी 70 मैल म्हणजे सेकंदाला 31 मीटर. मोबाइलवरचा एक संदेश वाचायला पाच सेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी दीडशे मीटर पुढे गेलेली असते. ज्या वेगाला यंत्राचा प्रतिसाद सर्वांत दुबळा, त्याच वेगाला आपल्याला निवांत वाटत असते. मला या प्रणालींची सर्वाधिक धास्ती वाटते ती याच कारणाने.

प्रश्न : माझा मित्र समृद्धी महामार्गावर स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून ‘हात सोडून’ जातो. अपघात झाला तर दोष कंपनीचा की त्याचा? (पुणे)

उत्तर : आपल्याकडे सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या दुसऱ्या स्तराच्या गाड्या हात स्टिअरिंगवर असावेत असे गृहीत धरून बनवल्या आहेत, आणि हात नसल्याचा इशाराही त्या देतात. बाटलीच्या वजनाने तो इशारा बंद पाडणे म्हणजे घरातला धुराचा भोंगा कापडाने गुंडाळून झोपी जाणे. त्यातून 701 किलोमीटरच्या या रस्त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. मागचे दिवे नसलेला, कडेला अर्धवट उभा केलेला ट्रक आपल्या महामार्गांवर नवा नाही, आणि वरच्या उत्तरातील यंत्राची अडचण तेथे तशीच लागू पडते.

कायद्याच्या नजरेत चालक तोच. धोकादायक वाहन चालवण्यासाठी मोटार वाहन अधिनियमाचे कलम 184 आहे, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम 106 लागू शकते. कंपनी मात्र नेहमीच नामानिराळी राहते असेही नाही. फ्लोरिडातील की लार्गो येथे 2019 मध्ये ऑटोपायलट या चालक-साहाय्य प्रणालीवर चाललेल्या टेस्लाच्या गाडीने, चालक पडलेला फोन शोधत असताना, उभ्या गाडीला धडक दिली आणि तिच्याजवळ उभ्या असलेल्या एका तरुणीचा मृत्यू झाला. ऑगस्ट 2025 मध्ये मायामीच्या ज्यूरीने 67 टक्के दोष चालकाचा आणि 33 टक्के टेस्लाचा ठरवला. मला ही वाटणी न्याय्य वाटते. प्रणालीला मोठे नाव देऊन भरवसा वाढवणाऱ्याने त्या भरवशाचा काही भार उचललाच पाहिजे. तथापि मोठा वाटा चालकाचाच राहिला, हे आपल्या मित्राने ध्यानात घ्यावे.

प्रश्न : जर्मनीत मर्सिडीजच्या ड्राइव्ह पायलटमध्ये नजरही हटवता येते म्हणतात. हे खरे का? (म्युनिक)

उत्तर : होय. तो तिसरा स्तर आहे. 2022 मध्ये तो आला तेव्हा महामार्गावरील गर्दीत ताशी 60 किलोमीटरपर्यंतच चालत असे. नंतर ही मर्यादा 95 पर्यंत वाढली. ताबा परत घेण्याची सूचना मिळाल्यावर चालकाला किमान 10 सेकंद मिळावेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दुसऱ्या स्तरावर अशा मुदतीची हमी नसते. झोप मात्र तिसऱ्या स्तरावरही चालत नाही, कारण सूचना कळण्याइतके जागे राहणे चालकावर बंधनकारक आहे.

प्रश्न : मुलीला नुकताच परवाना मिळाला आहे. तिला ही प्रणाली वापरू द्यावी का? (सॅन होजे)

उत्तर : पहिले वर्षभर देऊ नये, असे माझे मत आहे. ताबा परत घेण्यासाठी आधी तो हातात मुरलेला असावा लागतो. पुढे वापरू लागेल तेव्हा फोन समोरच्या खणात बंद, हात मांडीवर आणि पाय ब्रेकजवळ, ही बैठक तिच्या अंगवळणी पाडा. पाऊस, रस्त्याची दुरुस्ती किंवा पुढे लुकलुकणारे दिवे दिसताच प्रणाली स्वतःहून बंद करायला शिकवा, आणि पहिल्या काही फेऱ्यांना शेजारच्या सीटवर आपण स्वतः बसा.