चिकटवही की स्क्रॅपबुक?

गोव्यातल्या फोंड्याहून एका ताईंनी विचारलं आहे, की मे महिन्याच्या सुट्टीत वाड्यावरच्या मुलांना आणि बायकांना जमवून स्क्रॅपबुक करायला बसायचं आहे, त्या स्वतःही यात नवीन आहेत, तर फलकावर मराठीत काय लिहावं? चिकटवही, कात्रणवही की स्क्रॅपबुकच? 'स्क्रॅपबुकिंग' या कामाला काय म्हणावं? 'ते स्क्रॅपबुक' की 'ती स्क्रॅपबुक'? आणि सुरुवात कुठून करावी?

ताई, फलकावर 'चिकटवही' लिहा. हा शब्द नव्याने घडवायला नको. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही तो ठाऊक असतो: पानं, पिसं, तिकिटं, वर्तमानपत्रातली चित्रं गोळा करा आणि चिकटवहीत लावा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की 'चिकट वही' म्हणजे हाताला चिकटणारी वही झाली. मला तो पटत नाही. मोजायची पट्टी ती मोजपट्टी, खोडायचा रबर तो खोडरबर, शाई टिपणारा कागद तो टीपकागद. क्रियापद पुढे ठेवून नाम जोडण्याची ही आपली जुनी रीत आहे. 'चिकटवही' त्याच घराण्यातला. शिवाय 'चिकटव' आणि 'वही' शेजारी आले की दोन 'व' एकमेकांत मिसळून जातात, आणि तो शब्द उच्चारताना मला तरी 'चिकटवायची वही' असंच ऐकू येतं. आणि खरोखरची चिकट वहीसुद्धा होऊन गेली आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने 1873 साली अशा वहीचं पेटंट घेतलं होतं. तिच्या पानांना आधीच गोंद लावलेला असे. पान ओलं करायचं आणि वर कात्रण ठेवायचं.

'कात्रणवही' चांगला शब्द आहे, पण अर्थाने अरुंद. कात्रण म्हणजे कातरून काढलेलं, आणि व्यवहारात ते वर्तमानपत्राचंच. एखाद्या नाट्यवेड्या काकांनी स्पर्धेतल्या नाटकांची परीक्षणं वर्षानुवर्षं कापून लावली असतील, तर ती कात्रणवही. तुमच्या वहीत फोटो येणार, बेतीच्या फेरीबोटीची आठवण येणार, चवथीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचं चित्र येणार, जत्रेतल्या नाटकाचं हस्तपत्रक येणार. हे सगळं कात्रणात मावत नाही.

'स्क्रॅप' या शब्दावरून मात्र घोटाळा होतो. आपल्या कानाला स्क्रॅप म्हणजे भंगार, रस्त्याकडेच्या अड्ड्यावरचं. इंग्रजीत या वहीचं नाव पडलं तेव्हा मनात होता तो तुकडा, कपटा, चिटोरं हा अर्थ. एकोणिसाव्या शतकात तिकडे रंगीत छापील चित्रांचे तुकडेच 'स्क्रॅप' म्हणून विकले जात आणि लोक ते वहीत लावत. त्या अर्थाला आपल्याकडे फार गोड शब्द आहे: चिठ्ठीचपाटी. तिकीट, पावती, पत्रिका, पाकीट, कुणाच्या हातची दोन ओळींची चिठ्ठी, सगळं त्यात येतं. वर्गाला येणाऱ्यांना 'साहित्य आणा' म्हणण्याऐवजी 'घरातली चिठ्ठीचपाटी घेऊन या' असं सांगा. काय आणायचं ते न समजावता कळेल.

आता 'स्क्रॅपबुकिंग'. याला एकच नाम शोधत बसू नये असं माझं ठाम मत आहे. मराठी अशा ठिकाणी क्रियापदांनी बोलते, आणि या कामाची सगळी क्रियापदं आपल्यापाशी आहेत: निवडणं, कातरणं, मांडणं, डकवणं, लिहिणं. नवशिक्याने काम करायचं तेही याच क्रमाने.

यातलं 'डकवणं' मला विशेष प्रिय आहे. 'चिकटवणं' पक्कं आणि कायमचं वाटतं, तर 'डकवणं' हलक्या हाताचं. संगणकावर लिहिणारी मंडळीही 'मजकूर इथे डकवतो' म्हणतात, म्हणजे शब्द जिवंत आहे. आणि चिकटवहीत हलका हातच हवा. फोटोच्या पाठीला सरसकट गोंद फासू नये. चार कोपऱ्यांना कागदी खाचा मिळतात, त्यांना 'कोपरे'च म्हणा. त्यांत फोटो नुसता अडकतो आणि उद्या काढावासा वाटला तर निघतो. पारदर्शक चिकटपट्टी टाळा, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग ठेवून सुटते. कणकेची किंवा तांदळाची खळ आपल्या घरांतली जुनी, पण कसरीला तीच खळ आवडते. त्यात आपला पावसाळा, दमट भिंती, बुरशी. तेव्हा आम्लविरहित असं लिहिलेली गोंदकांडी घ्यावी, डकवलेलं पान पूर्ण सुकल्याशिवाय वही मिटू नये, आणि जून ते सप्टेंबर ती बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये.

मांडणं आधी आणि डकवणं नंतर, हेही सांभाळा. इंग्रजीत 'लेआउट' म्हणतात, आपण 'मांडणी' म्हणतो. सगळे तुकडे पानावर नुसते ठेवून पाहायचे, सरकवायचे, एखादा काढून टाकायचा, मगच गोंद उघडायचा. फोटोखाली रंगीत कागद थोडा बाहेर डोकावेल असा लावतात, त्याला शिवणकामातला 'अस्तर' शब्द चपखल बसतो. पानावर चढवायचं प्लास्टिक म्हणजे खोळ. बाजारातल्या खास वह्या बारा इंच चौरस असतात, पण पहिल्या वहीला तेवढं पान भरताना दमछाक होते. जाड कागदाची स्पायरल चित्रकला वही पुरे. शिवलेली वही घेतली तर ती फुगते, म्हणून मधली काही पानं शिवणीजवळ बोटभर ठेवून कापून टाकावीत.

काही गोष्टी मुळात डकवूच नयेत. यंत्रातून निघालेली तिकिटं आणि पावत्या उष्णतेवर छापलेल्या असतात, त्यांवरची अक्षरं उडून जातात, म्हणून आधी झेरॉक्स काढा. वर्तमानपत्राचा कागद लाकडातल्या लिग्निन या घटकामुळे पिवळा पडतो, त्यालाही तोच उपाय. आणि आजोबांच्या पेटीतली पोर्तुगीज काळातली पत्रं, दाखले! त्यांची प्रत लावा, मूळ कागद खोळीत राहू द्या. पाकिटावरचं तिकीट मुळीच सोडवू नका. 'इश्तादु द इंदिया', म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानचं नाव, छापलेल्या तिकिटावर किंमत रुपिया-तांगांत असेल, तर ते साधारण 1959 पूर्वीचं, एस्कुदोत असेल तर त्यानंतरचं, कारण त्या सुमारास नाणंच बदललं. शिक्क्यासह अख्खं पाकीट राहिलं, तर टपालकचेरीही कळते.

राहिलं 'लिहिणं'. याला तिकडे 'जर्नलिंग' म्हणतात. 'टीप' त्याला तोकडी पडते, 'रोजनिशी' वेगळी. मला 'हकिकत' आवडतो. कोण, कुठे, केव्हा, आणि त्या दिवशी काय झालं. वर मथळा, फोटोखाली फोटोओळ, बाजूला चार ओळींची हकिकत. नवशिके सजावटीत रमतात आणि हीच जागा रिकामी सोडतात. नुसते फोटो लावले, तर तो अल्बम झाला. चिकटवही होते ती हकिकतीने. वर्गात पहिल्या दिवशी एकच फोटो आणि त्याची हकिकत एवढंच करून घ्या, शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून. नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनने नव्हे, कारण त्याचे वळ पुढे उमटतात.

लिंगाचं म्हणाल तर पासबुक भरलं, चेकबुक संपलं, तसं स्क्रॅपबुक झालं. मागे 'पुस्तक' उभं असल्याने नपुंसकलिंग, अनेकवचन 'स्क्रॅपबुकं'. 'माझी स्क्रॅपबुक' म्हणणाऱ्याच्या मनात 'वही' असते, त्यामुळे त्यालाही मी चूक म्हणणार नाही. 'चिकटवही' लिहिलीत तर हा प्रश्नच उरत नाही: ती चिकटवही, त्या चिकटवह्या. फलकावर मात्र 'चिकटवही' एकच शब्द म्हणून, मध्ये जागा न सोडता लिहा.