फोटोशॉप उघडलं की धडधडतं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पासपोर्ट फोटोचं माप दिलं होतं. त्यावर पत्रं भरपूर आली पण पासपोर्टबद्दल त्यात फार कमी. बऱ्याच जणांचं म्हणणं एकच, की अहो माप कळलं पण फोटोशॉपसारखं फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर उघडल्यावर काय कुठे आहे तेच कळत नाही. म्हणून यावेळी तेवढंच.

प्रश्न: दादा, सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ आहे, त्यांना आता फार वेळ बसवत नाही म्हणून मी बसते. ते इतकी वर्षं फोटोशॉप 7 वर काम करायचे, मी नवीन व्हर्जन घेतलं. परवा गिऱ्हाईक समोर उभं असताना काहीतरी दाबलं गेलं आणि सगळ्या पट्ट्या गायब, स्क्रीनवर नुसता फोटो! घाबरून मी कॉम्प्युटरच बंद केला. असं का झालं? (बार्शी)

उत्तर: ताई, तुमच्याकडून टॅब दाबलं गेलं, बाकी काही नाही. टॅब दाबलं की सगळी पॅनल, म्हणजे त्या पट्ट्या, लपतात, परत दाबलं की येतात. एफ दाबलं तरी असाच प्रकार होतो, स्क्रीन मोड बदलतो, तेव्हा पट्ट्या परत येईपर्यंत एफ दाबत राहायचं. आणि एखादंच पॅनल हरवलं असेल तर वर विंडो मेन्यूत सगळ्यांची नावं आहेत, हवं त्यावर टिक करा. लेयरचं (लेयर म्हणजे फोटोवर एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा) पॅनल तर एफ 7 नेच येतं. अगदीच पसारा झाला तर विंडोमध्ये वर्कस्पेस, तिथे इसेन्शियल्स, आणि मग रिसेट इसेन्शियल्स. रिसेट म्हटल्यावर लोक घाबरतात पण फोटोला काही होत नाही हो, भांडी परत मांडणीवर लावून ठेवल्यासारखं आहे ते.

आता मांडणी. डावीकडे टूल्स. ज्या टूलच्या कोपऱ्यात बारीक त्रिकोण आहे त्याच्या मागे अजून टूल्स आहेत, त्यावर माउसचं बटण दाबून धरलं की दिसतात. उजवीकडे पॅनल्स, त्यात खाली लेयर. आणि वर मेन्यूच्या खाली जी आडवी पट्टी आहे ना, ऑप्शन बार, तिच्याकडे नवीन माणूस बघतच नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची, कारण टूल बदललं की ती बदलते आणि त्या टूलचं काय चाललंय ते तिथेच लिहिलेलं असतं.

आणि सासऱ्यांना शेजारी खुर्ची टाकून बसवाच. फोटोशॉप 7 आलं 2002 मध्ये, चेहऱ्यावरचे डाग काढायचा हीलिंग ब्रश त्यातच पहिल्यांदा आला, म्हणजे तुमचं निम्मं काम त्यांना आधीच येतंय. फक्त कंट्रोल झेडवरून तुमचं वाजेल! जुन्यात एकदा दाबलं की मागे आणि परत दाबलं की पुढे यायचं, अजून मागे जायला कंट्रोल ऑल्ट झेड लागायचं. 2018 च्या शेवटी आलेल्या व्हर्जनपासून नुसतं कंट्रोल झेड दाबत राहिलं की एकेक पायरी मागे जातं.

प्रश्न: सर, मी कॉलेजला आहे, यूट्यूब बघून शिकतोय. ब्रश घेतो, रंग घेतो, फोटोवर ओढतो तर काहीच उमटत नाही. काल चालत होता! आणि आधी गोल दिसायचा आता फुली दिसते. सॉफ्टवेअर खराब आहे का? (नांदेड)

उत्तर: फुलीचं आधी सांगतो, तुझं कॅप्स लॉक चालू आहे. तेवढंच. बंद कर, गोल परत येईल.

आता न उमटण्याचं. हे माझ्या बाबतीत इतक्यांदा झालंय की मी आता टूलला शिव्या द्यायच्या आधी बाकीचं बघतो. सुरुवातीला एका लग्नाच्या अल्बमवर अर्धी रात्र घालवली होती, ब्रश बदलला, फाइल बंद करून उघडली, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला, चहा झाला, आणि शेवटी कळलं की कोपऱ्यात दोन-चार पिक्सेलचं, म्हणजे ठिपक्याएवढं, सिलेक्शन (निवडलेला भाग) राहिलंय. मी झूम करून नवरीच्या चेहऱ्यावर काम करत होतो आणि सिलेक्शनभोवती चालणारी ती तुटक रेघ, मुंग्यांची रांग, स्क्रीनच्या बाहेर. सिलेक्शन असलं की ब्रश फक्त त्याच्या आतच उमटतो, बाहेर कितीही घासा. तेव्हा आधी कंट्रोल डी, सिलेक्शन सुटतं.

मग लेयर बघ. कुठली लेयर निवडलीये? तिचा डोळा बंद आहे का? का तू खालच्या लेयरवर रंगवतोयस आणि वरची लेयर ते झाकतेय? लेयरच्या शेजारी पांढरा चौकोन म्हणजे मास्क (लेयरचा काही भाग झाकायची सोय) असेल आणि त्याच्याभोवती चौकट असेल तर तुझा रंग फोटोवर जातच नाहीये, मास्कवर जातोय. फोटोच्या छोट्या चित्रावर क्लिक कर.

एवढं करूनही नाही झालं तर वरच्या पट्टीकडे ये. तिथे ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा गडदपणा, किती आहे? ब्रश हातात असताना की-बोर्डवर 1 दाबलं गेलं तर ओपॅसिटी 10 टक्के होते, कळतसुद्धा नाही, आणि ब्रश अगदी पुसट चालतो. 0 दाबलं की परत 100. तिथेच मोड नॉर्मल आहे ना तेही बघ. काहीच सापडत नसेल तर त्या पट्टीच्या डाव्या टोकाला ब्रशचं चित्र आहे त्यावर राइट क्लिक करून रिसेट टूल कर. सॉफ्टवेअर खराब नाहीये रे, ते तू सांगितलंस तेच करतंय, फक्त तू काय सांगितलंस ते तुला दिसत नाहीये.

प्रश्न: मी शाळेत चित्रकला शिकवते. फोटोशॉपचं दर महिन्याचं भाडं परवडत नाही म्हणून गिंप हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. पण इरेजर फिरवला की मागे पांढरंच येतं, पारदर्शक होत नाही, लेयर हलवायला गेले तर भलतीच हलते, आणि सेव्ह केलं की जेपीजीच होत नाही. (सातारा)

उत्तर: बाई, चांगलं केलंत. गिंप 1995 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं आणि आजही फुकट आहे, शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरवर बिनधास्त टाका.

तुमचे तिन्ही प्रश्न खरं तर नांदेडच्या मुलाचेच आहेत, म्हणजे सॉफ्टवेअर सांगितलेलंच करतंय, फक्त काय सांगितलंय ते दिसत नाहीये. जेपीजी फोटो उघडला की त्या लेयरला पारदर्शकपणा नसतोच, म्हणून इरेजर मागचा रंग उमटवतो. लेयर मेन्यूत ट्रान्सपरन्सी, तिथे ॲड अल्फा चॅनल (पारदर्शकपणाची सोय), मग पुसा. भलतीच लेयर हलते कारण मूव्ह टूल तुम्ही जिथे क्लिक करता तिथली लेयर पकडतं. टूलच्या पर्यायांत मूव्ह द ॲक्टिव्ह लेयर निवडा. आता हे पर्याय फोटोशॉपसारखे वर शोधू नका, गिंपमध्ये ते डावीकडे टूलबॉक्सच्या खाली असतात. आणि फोटोवर ती पिवळी तुटक रेघ दिसते ना, ती निवडलेल्या लेयरची हद्द. तिच्या बाहेर ब्रश चालत नाही.

सेव्ह म्हणजे गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल, लेयरसकट. जेपीजी हवी तर फाइल मेन्यूत एक्स्पोर्ट ॲज. मला आधी याचा राग यायचा, पण एकदा लेयरवाली फाइल जेपीजीने पुसली गेली की मग राग जातो.

जुन्या कॉम्प्युटरवर टूलबॉक्स आणि फोटो वेगवेगळ्या खिडक्यांत पळत असतील तर विंडोज मेन्यूत सिंगल विंडो मोड आहे, 2012 च्या गिंप 2.8 व्हर्जनपासून.

प्रश्न: फ्लेक्सचं काम करतो. व्हॉट्सॲपवर आलेलं मराठी फोटोशॉपमध्ये पेस्ट केलं की वेलांटी पलीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. 'विठ्ठल' तर बघवत नाही. (कोल्हापूर)

उत्तर: व्हॉट्सॲपचं मराठी युनिकोड असतं, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच पद्धतीचं. फोटोशॉप 7 असेल तर त्याला ते जमत नाही, म्हणून तर सगळे श्रीलिपीवर, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, काम करायचे. सीसीची (भाड्याने मिळणारं फोटोशॉप) थोडी जुनी व्हर्जन्स असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे मिडल ईस्टर्न ॲण्ड साउथ एशियन निवडा, फोटोशॉप बंद करून उघडा, आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी असं लिहिलेला पर्याय लावा. फॉन्टही युनिकोड हवा, श्रीलिपीचा जुना फॉन्ट लावाल तर परत गडबड. आणि प्रिंटला पाठवायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा, फ्लेक्स चौकात लागल्यावर कंट्रोल झेड नाही.

प्रश्न: शॉर्टकट पाठ कसे करू? (पुणे)

उत्तर: पाठ करू नका. टूलवर कर्सर ठेवला की नाव आणि अक्षर दिसतं, तुम्ही रोज वापरता ती चार-पाच आपोआप बसतील. मूव्हला व्ही, ब्रशला बी, क्रॉपला सी. स्पेस दाबून धरलं की फोटो हाताने सरकवता येतो, हे मात्र आजच करून बघा. फक्त अक्षर लिहायचं टूल चालू असताना यातलं काही दाबू नका, नाहीतर टूल बदलायच्या ऐवजी फोटोवरच 'व्ही' उमटतो. आधी कंट्रोल एंटर, मग शॉर्टकट.