माहितीपत्रकात साडेसतरा, टाकीत साडेतेरा

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) लक्झरी एसयूव्ही घेतली. माहितीपत्रकात डब्ल्यूएलटीपी या प्रयोगशाळेतल्या प्रमाणित चाचणीचं ॲव्हरेज लिटरला १७.५ किलोमीटर दिलंय. डॅशबोर्डवर १४.२ दिसतं आणि टाकी फुल करून मोजलं की १३.४ निघतं. सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा दाखवली, ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणतात. तीन टाक्यांचा हिशोब सोबत पाठवतो आहे. दोष गाडीत आहे की माझ्या चालवण्यात?

उत्तर : तुमच्या वहीचं पान मिळालं आणि मन प्रसन्न झालं. ‘ॲव्हरेज मिळत नाही’ म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जण आकडा डॅशबोर्डवरून उचलतात. तो बहुतेक गाड्यांत थोडा फुगलेलाच असतो. तुम्ही तीनही वेळा नोझलने पहिल्यांदा ‘टक्’ केल्यावर थांबलात, किलोमीटर लिहिले, लिटर लिहिले. आता उत्तर देणं सोपं आहे.

आधी दिलाशाचं. युरोपियन आयोगाने २०२४ मध्ये एक अहवाल काढला, लाखो गाड्यांमधल्याच मीटरने नोंदवलेल्या इंधनावर आधारलेला. त्यात पेट्रोल गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर डब्ल्यूएलटीपीपेक्षा सरासरी सुमारे २४ टक्के जास्त इंधन पिताना आढळल्या. हेच गणित तुमच्या १७.५ ला लावलं तर १४.१ येतं. तुमचे १३.४ त्याच्या जवळपासच आहेत. सर्व्हिस सेंटरवाले खरं बोलले, फक्त का नॉर्मल आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

तर आता ती वही. दुसरी टाकी बघा : ४८ लिटर, ५४० किलोमीटर, म्हणजे सव्वाअकरा. शेजारी तुमच्याच अक्षरात आहे, ‘फक्त शाळा, ४ कि.मी., थंडी.’ दुखणं इथे आहे. गार इंजिनाला स्वतः तापायचं असतं, सायलेन्सरच्या वाटेवरचं, धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायचं असतं आणि तुम्ही हीटर लावला असेल तर तुम्हालाही ऊब द्यायची असते. त्यामुळे बॅटरी भरलेली असली, गाडी सिग्नलला उभी असली, तरी सुरुवातीची काही मिनिटं इंजिन बंदच होत नाही. डब्ल्यूएलटीपी चाचणीतही इंजिन गारच सुरू करतात, पण ती अर्धा तास, २३ किलोमीटर चालते आणि एसी बंद असतो. गार इंजिनाचा खर्च तिथे २३ किलोमीटरांवर पसरतो. तुमच्याकडे तो चारच किलोमीटरांवर पडतो, आणि परत येताना गाडी पुन्हा गार झालेली असली तर दुसऱ्यांदा पडतो. शाळा, बाजार, बँक एकाच फेरीत उरकता आलं तर बघा. याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडणार नाही.

तिसऱ्या टाकीला तुम्ही ४६ लिटरमध्ये ७३५ किलोमीटर गेलात. सोळा! ‘एकटाच, घाई नव्हती, ८०-९०.’ आणि पहिली, ६१२ किलोमीटरला ४६.८ लिटर, म्हणजे तेराच्या थोडं वर : ‘हायवे, १२०, टपावर बॉक्स.’ हायब्रिड आहे म्हणजे हायवेवर कमालच करेल, असं शोरूममधून बाहेर पडताना सगळ्यांनाच वाटतं. लक्झरी हायब्रिड एसयूव्हींमधली पहिली गाडी, लेक्सस आरएक्स ४००एच, २००५ मध्ये आली तेव्हा अमेरिकेच्या सरकारी चाचणीत तिचा शहरातला आकडा हायवेच्या आकड्यापेक्षा मोठा होता. लोकांना ती छपाईची चूक वाटावी असा प्रकार. पण हायब्रिडची कमाई ब्रेकमध्ये असते. साधारण २,२०० किलोची गाडी ६० च्या वेगावरून हळूहळू थांबवली की मोटर उलट जनित्रासारखी चालते आणि एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया गेलं असतं त्यातलं बरंच बॅटरीत जातं. माझ्या हिशोबाने एका थांब्याला चहाचे तीन चमचे पेट्रोल वाचतं. ऐनवेळी पाय दाबून ब्रेक मारलात तर ते चमचे ब्रेक पॅडच्या हवाली.

१२० च्या वेगाने सरळ हायवेवर ब्रेकच नाही, तर परत काय मिळणार? उलट हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो : १०० वरून १२० वर गेलात की ४४ टक्के जास्त. वर तो बॉक्स. बॉक्सबद्दल मी बोलू नये खरं तर. एकदा सहलीहून आल्यावर तो चार महिने टपावर तसाच राहिला. तेवढ्या काळात मी पेट्रोल भरायचा पंप बदलला, टायरची हवा तपासली, मेकॅनिकशी वाद घातला. बॉक्स उतरवला तो पार्किंगच्या छताला घासला म्हणून, आणि पुढच्याच टाकीला ॲव्हरेज जागेवर.

एक विनंती. यापुढे ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असंही लिहीत जा. तुमची तफावत लिटरला चार किलोमीटर म्हटली की झोप उडते; १०० किलोमीटरला पावणेदोन लिटर म्हटली की नेमकी किती आहे ते कळतं.

प्रश्न : लांब घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन अचानक घोंघावायला लागतं. पेट्रोल जातंय का?

उत्तर : नाही. तुमची जड गाडी हजार मीटर खाली उतरते तेव्हा जवळजवळ सहा युनिट ऊर्जा सोडते. प्लग नसलेल्या, म्हणजे बाहेरून चार्ज न होणाऱ्या हायब्रिडची बॅटरी सहसा दोन युनिटांच्या आसपासची, आणि तीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली कधी ठेवत नाहीत. अर्ध्या घाटातच ती काठोकाठ होते. मग उरलेली ऊर्जा खर्च करायला गाडी इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवते. आवाज कर्कश असतो, मान्य. ब्रेक मात्र गार राहतात.

प्रश्न : मित्राची प्लग-इन, म्हणजे प्लग लावून चार्ज करायची हायब्रिड एसयूव्ही आहे. तिच्या माहितीपत्रकात लिटरला ८०-९० किलोमीटर लिहिलंय. चुकीची गाडी घेतली का मी?

उत्तर : वर सांगितलेल्या त्याच अहवालात प्लग-इन गाड्यांचं प्रत्यक्ष इंधन चाचणीच्या आकड्याच्या साडेतीन पट भरलं. बॅटरी रोज भरली जाईल, असं चाचणीच्या सूत्रात धरलेलं असतं. माणसं तेवढी भरत नाहीत. मित्राला ॲव्हरेज विचारू नका. गाडीबरोबर मिळालेली चार्जिंगची वायर कुठे ठेवली आहे, ते विचारा. आठवायला वेळ लागला तर तुमची गाडी बरी.