३५ हजारांची सूट आणि आरसीवरची एचपी

प्रश्न : ओळखीतल्या एकाकडून २०१४ ची गाडी ३ लाख ४० हजारांत घेतोय. आरसीवर चासी नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडलाय. बँकेची एचपीही (गाडी कर्जाला तारण असल्याची नोंद) दिसते, पण कर्ज फिटलंय म्हणतो. 'दोन्ही तुम्हीच नंतर करून घ्या, ३५ हजार कमी करतो,' असं त्याचं म्हणणं. एफडी मोडू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्हाला धास्ती 'ओ'ची आहे, मला एचपीची.

सतरा अक्षरांच्या चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. म्हणजे ही टायपिंगची चूक असणार. तरी गाडीवर कोरलेला नंबर स्वतः वाचा आणि शोरूमचा फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) मागून ताडून बघा. दोन्हीकडे शून्य असेल तर आरटीओत दुरुस्ती होते. खर्चापेक्षा खेटेच जास्त. पण अर्ज नोंदणीकृत मालकाने करायचा असतो, आणि आज मालक तो आहे. मग 'तुम्ही करून घ्या' कसं? आणि तशीच गाडी घेऊन ती चोरीला गेली, तर विमा कंपनी आधी त्या 'ओ'वरच बोट ठेवेल.

आता एचपी. कर्ज फिटलं की बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते, तो आरटीओत दिला की नोंद उतरते. यानं का उतरवली नाही? आळस असेल, शेवटचा हप्ता भरून कागद कपाटात टाकणारे माझ्याकडेही बरेच येतात. पण हप्ते थकलेलेही असू शकतात, किंवा त्याच गाडीवर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, उचललेलं असू शकतं. एचपी आहे तोवर फायनान्सरच्या संमतीशिवाय गाडी तुमच्या नावावर चढत नाही. ३ लाख ५ हजार मोजून हातात येईल फक्त चावी.

म्हणून एफडीला अजून हात लावू नका. १० हजार विसार द्या आणि लिहून घ्या : दोन्ही दुरुस्त्या त्यानं करायच्या, त्या परिवहनच्या साइटवर दिसल्या की फॉर्म २९, ३० (मालकी बदलाचे फॉर्म) वर सह्या आणि त्याच दिवशी बाकी रक्कम. सूट मग १०-१५ हजारांवर आली तरी मला चालेल. नंतर १४ दिवसांत विमा नावावर करायचा अर्ज द्या. त्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) मात्र तुम्हाला मिळणार नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

तो घाई करू लागला तर सांगा, नावावर न झालेल्या गाडीनं अपघात केला तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकाची, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. तरी ऐकत नसेल, तर दुसरी गाडी बघा.